बर्फावरचे जावईबापू

जगातल्या मोठमोठ्या आइस हॉकी बचावपटूंमध्ये, ऐन भरात असताना, सर्वांत भारी कोण, याचा निवाडा सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चादरींच्या दुकानावरच्या माळ्यावर झाला असं मी सांगते, तेव्हा लोक आधी हसतात. हसू द्या. बर्फ मी रसवंतीत पाहिलाय, तेवढाच. पण त्या बारा गड्यांपैकी कोण वळताना कुठला पाय आधी टाकायचा, हे मी आजही डोळे मिटून सांगेन.

आमचं काम टॅगिंगचं. चित्रफितीत काय घडलं, कुणी केलं, कुठे केलं आणि कोणत्या सेकंदाला, हे बटण दाबून नोंदवायचं. संगणकाला चित्र दिसतं, पण त्यातलं कळत नाही. आधी माणसानं बघून सांगावं लागतं. ती माणसं म्हणजे माझ्या हाताखालच्या सोळा बाया. हॉकीच्या आधी आम्ही रस्त्यातले खड्डे नोंदवले, झाडावरचे आंबे नोंदवले. एका गिऱ्हाइकाला ड्रोनमधून घेतलेल्या मेंढ्या मोजून हव्या होत्या. आमच्यातली एक सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिनं आकडा दिला आणि वर विचारलं, "यातली दोन कुत्री हायत आणि एक लंगडतीया, तिला निराळी टाकू का?" गिऱ्हाइकानं उलट कळवलं की लंगडीची चौकशी केली, खरी निघाली. त्या दिवशी आम्ही भजी मागवली.

मग ग्रेग आला. आला म्हणजे पडद्यावर. थंड मुलुखातला, चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्याकडे जुन्या-नव्या सामन्यांचा ढीग होता. वेगवेगळ्या काळातले बारा नामांकित बचावपटू निवडून प्रत्येकाची ऐन भरातली पाच वर्षं त्यानं काढली होती, आणि त्यांची तुलना त्याला हवी होती.

खेळ थोडक्यात सांगते. दोन्हीकडे गोलरक्षक सोडून पाच-पाच गडी. त्यातले तीन पुढे पळणारे, दोन मागे राखणारे. पायात पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी, आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. मैदानात दोन निळ्या रेषा असतात. समोरचा गडी चकती घेऊन ती रेषा ओलांडून आत शिरला की धोका सुरू. त्याला रेषेवरच अडवायचं, भिंतीवर रेटायचं, चकती काढून घ्यायची, हे त्या दोन राखणाऱ्यांचं काम. गडी एका मिनिटाच्या आत दमतो आणि बाहेर बसतो, दुसरा आत येतो. नजर हलवायला सवड नाही.

वेगवेगळ्या काळातल्या माणसांची तुलना कशी करायची, हे ग्रेग मला पहिल्या बैठकीत समजावत होता. पूर्वी गोलरक्षकाचं चिलखत लहान होतं, गोल जास्त व्हायचे. नंतर चिलखत फुगलं, गोल आटले. म्हणून आकड्याला आकडा लावायचा नाही, प्रत्येकाला त्याच्याच वर्षातल्या बाकीच्यांशी ताडून बघायचं. मी म्हटलं, हे मला शिकवू नका. माझे वडील मंगळवेढ्याकडचे, ज्वारीवाले. एका वर्षी शेजाऱ्यांना सहा-सहा पोती झाली आणि आम्हाला नऊ. पुढं एका वर्षी सगळ्यांना वीस आणि आम्हाला एकवीस. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "नवाचं वरीस मोठं." ग्रेगनं ते लिहून घेतलं.

आम्हाला गड्यांची नावं दिली नव्हती, नुसते क्रमांक. क्रमांकावर बायांचं मन बसत नाही. आठवड्यात बाराही जणांचं बारसं झालं. लांब हातांचा, आमच्या जत्रेत मिरवतात त्या काठीसारखा उंचच उंच होता तो नंदीध्वज. दिसेल त्याला आडवा करणारा तो रेडा. आणि एक होता जावईबापू. हे नाव रुक्सानानं ठेवलं. रुक्साना म्हणजे आमची सर्वांत झपाट्याची बाई. बोटं चालतात तशी जीभही चालते.

"मॅडम, ये आदमी कुच करताच नै," ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "नुस्ता खडा रहता. टक्कर नै, झपट नै. सासरी आल्यासारखा. जावईबापू हाय हा."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मे महिना, पारा चव्वेचाळीसवर, पंखा गरम वारा फेकतोय, मानेवर ओले पंचे, आणि समोर बर्फावर हा गडी काठी टेकून उभा. हेवाच वाटायचा त्याचा.

पद्मा त्याच सुमारास आमच्याकडे लागली. वय सेहेचाळीस, विणकर घरातली, घरी तेलुगू. वीस वर्षं एका टॉवेल कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभी होती. पायाच्या शिरा फुगल्या, डॉक्टरांनी उभं राहणं बंद केलं. बसून करायचं काम तिच्या आळीत एकच, विड्या वळणं. पण तंबाखूच्या धुरळ्यानं तिला दम लागायचा, रात्र-रात्र खोकायची. त्यामुळे आमची खुर्ची तिला फार हवी होती. पहिल्या दिवशी माउस हातात घेऊन म्हणाली, "अक्का, हे उंदराचं मला आठ दिवसात जमतंय बघा." जमलंही. चार दिवसांतच.

जमली नाही ती संख्या. तासाला अमुक एक नोंदी झाल्याच पाहिजेत आणि सलग तीन आठवडे कमी भरल्या तर त्या बाईला कामावरून उठवायचं, असा नियम होता. तो गिऱ्हाइकाचा नव्हता, माझा होता. सोळा जणींना एका रेषेत ठेवायचं तर काहीतरी मोजावं लागतं, आणि नोंदी मोजणं सोपं. रुक्सानाच्या नोंदी भराभर वर जायच्या. पद्मा पडद्याकडे बघत बसायची. त्यात तिच्या वाट्याला जावईबापूचे सामने जास्त आले होते.

नोंदींच्या तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना होता. चित्र धूसर आहे, आवाज तुटला, असल्या तक्रारींसाठी. पद्मा त्यात लिहायची. "इकडे आला नाही." "येत होता, वळला." "वळला." "बघितलं आणि वळला." पानंच्या पानं. तक्ता ग्रेगकडे पाठवण्याआधी तो स्वच्छ करणं माझं काम. मी दर शनिवारी तो रकाना निवडायची आणि एका फटक्यात पुसायची. एकदा तिला म्हटलंही, "पद्मा, जे घडलं तेवढंच नोंदवायचं. घडलं नाही ते कशाला लिहितेस?"

"अक्का, टॉवेल तपासताना असलेले धागे कोण मोजतंय का? मागं दिवा लावायचा आणि सुटलेला धागा बघायचा. तसंच की हे."

"हा टॉवेल नाही."

"ते दिसतंय की ओ मला. पण त्या अंगाला कुणी का येत नाही, ते तर बघा."

मी बघितलं नाही. तिसरा आठवडा भरला, मी तिला बोलावलं, नियम सांगितला. मला वाटलं रडेल किंवा भांडेल. तिनं चष्मा पुसला, घरून आणलेली उशी खुर्चीवरून उचलली, म्हणाली, "बरं अक्का." जिन्यावर थांबून परत वर आली आणि रुक्सानाला म्हणाली, "जावईबापू काठी डाव्या हातात धरतो तेव्हा नीट बघ गं." मग गेली.

पुढच्या महिन्यात आमचा तक्ता पुरा झाला. बाराजणांत पहिला नंदीध्वज, दुसरा रेडा, आणि बारावे जावईबापू. मी अभिमानानं पाठवला. एकाही सेकंदाची चूक नव्हती. आजही म्हणते, नव्हती.

ग्रेगनं संध्याकाळी सातला बोलावलं, तिकडे सकाळ. तो नेहमीपेक्षा सावकाश बोलत होता. म्हणाला, "काम स्वच्छ आहे. पण माझ्या आजोबांनी या माणसाला प्रत्यक्ष पाहिलंय. ते म्हणतात, त्याच्या बाजूला जायला समोरच्यांचे पाय धजत नसत. तुमचे आकडे म्हणतात, त्यानं काहीच केलं नाही. दोन्ही खरं कसं असेल?"

मी म्हटलं, "आजोबांना प्रेम असेल. आमच्याकडे नोंदी आहेत."

बैठक संपली. मागे रुक्साना डबा आवरत होती. एरवी एका वाक्याला तीन टोमणे जोडणारी बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, पद्माताई हेच बोलत होती. तुम्ही पुसत होता."

रविवारी मी एकटी माळ्यावर गेले. जावईबापूचा एक सामना लावला आणि ठरवलं, बटणाला हात लावायचा नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. समोरचे गडी जावईबापूच्या बाजूनं आले तर डावीकडे काडी, दुसऱ्या बाजूनं आले तर उजवीकडे. सामना संपला तेव्हा उजवीकडच्या काड्या कागदात मावेनात, आणि डावीकडच्या दोन हातांच्या बोटांवर मोजून झाल्या. मग तोच सामना पुन्हा पाहिला. गडी चकती घेऊन सुसाट यायचा, रेषेच्या अलीकडे मान वर करायचा, समोर हा उभा दिसायचा, आणि चकती पलीकडच्या गड्याला देऊन मोकळा व्हायचा. जावईबापू अर्धं पाऊल सरकलेला असायचा. फक्त अर्धं. तेवढ्यानं वाट बंद. आमच्या तक्त्यात हे काहीच नव्हतं, कारण नोंदवण्यासारखं काही घडतच नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूच्या बिचाऱ्या जोडीदाराच्या नावावर झटापटींची रास लागली होती.

रेड्याचे आकडे मोठे का, तेही मग कळलं. त्याच्याकडे सगळे जायचे. तो चुकायचाही.

पुसलेले शेरे परत मिळतात का, म्हणून मी संगणकाच्या माणसाला बोलावलं. नाही मिळाले. सगळं पुन्हा बघावं लागणार होतं, आणि ते बघणारी नजर आमच्यात एकीचीच होती.

पद्माच्या घरी गेले तेव्हा ती दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. नाकातोंडाला पदर बांधलेला. मला बघून सूप खाली ठेवलं, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत मी उभीच. मला प्रस्तावना जमत नाही. म्हटलं, "पद्मा, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. परत ये."

"बसा तरी अक्का." तिनं पाणी दिलं. "कितवा आला तो?"

"बारावा."

"अय्यो!" तिनं कपाळावर हात मारला, स्वतःच्या नोकरीबद्दल मारला नव्हता इतका जोरात. मग पान कापत कापत बोलू लागली. "येते. पण शेऱ्यात लिहिणार नाही मी. शेरा म्हणजे पुसायला सोपा. मला बटण पाहिजे. टक्कर मारली तर बटण, चकती काढली तर बटण. मग वळला तर का नको? बटण असलं की मोजावं लागतंय. मोजलं की कुणी उठवत नाही."

एवढं नेमकं बोलणं मी एकाही बैठकीत ऐकलेलं नव्हतं.

ग्रेगला मी सगळं सांगितलं, शेरे पुसल्याचंसुद्धा. त्यानं तक्ता उघडला. मग म्हणाला, "बटणाला नाव काय देऊ?" त्याला इंग्रजी शब्द सुचेना. शेवटी त्याच्या परदेशी तक्त्यात आमचाच शब्द गेला. रोमन अक्षरांत का होईना, 'वळला'.

पद्मा उशी घेऊन परत आली. नियम मी त्याच दिवशी काढून टाकला. बाराही जणांचे सामने पुन्हा पाहायला सगळा पावसाळा गेला. ती बाकीच्यांना शिकवायची: चकती बघू नका, ती कॅमेरा बघतोच आहे, येणाऱ्याची मान बघा. रुक्साना कुरकुरायची, "मान बघून बघून माझीच मान आखडली," पण तिचीही नजर तयार झाली. नवा क्रम लागू लागला. जावईबापू बाराव्यावरून वर चढायला लागले. तिसरे झाले, दुसरे झाले. नंदीध्वज पहिलाच राहिला, पण दोघांत अंतर इतकं थोडं की शेवटच्या दोन वर्षांचे सामने ठरवणार होते.

तिथे पद्मा अडली. एका दुपारी तिनं मला बोलावलं. "अक्का, हा जावईबापू तिसऱ्या वर्षानंतर गुडघ्यात कच खातोय. हे बघा, वळायला उशीर. आता कुणी गेलं असतं तर सरळ आत गेलं असतं."

"मग जातात का?"

"कुणी जात नाही की! वळतातच. पहिली तीन वर्षं यानं राखलं. पुढची दोन याच्या नावानं राखलं."

रुक्साना उसळली. "तो क्या हुआ? गोल नै हुआ ना? नाम भी उसीच का है. कमावलंय त्यानं."

"नाव त्याचंच. पण भर तीनच वर्षांचा," पद्मा म्हणाली. "कारखान्याचं नाव चांगलं म्हणून टॉवेल न तपासता पाठवतात का?"

"पाठवतात," रुक्साना म्हणाली. "मेरे घर में हाय तसला."

मी दोघींना भांडू दिलं. प्रश्न खरा होता. भर म्हणजे अंगातला जोर, की तो पाहून दुसऱ्यांच्या मनात बसलेला वचक? वचक बसला की जोर गेला तरी चालतं, हे आपण सगळे घरात आणि कचेरीत पाहतोच. माझाही थोडा तसाच चालला होता; सोळा जणी मी माळ्यावर आले की ताठ बसायच्या, आणि त्याला मी व्यवस्थापन म्हणत होते.

ग्रेगला विचारलं. तो म्हणाला, शेवटची दोन वर्षंही पूर्ण धरा. धरली की जावईबापू पहिले. आजोबा आजारी आहेत, तेही तो ओझरतं बोलून गेला. आणि पुढचं काम, गोलरक्षकांचं, अजून कुणाला द्यायचं ठरलेलं नाही, हेही. दोन वाक्यं लागोपाठ आली. त्यानं मुद्दाम जोडली असतील असं मला वाटत नाही, पण मला ती जोडलेलीच ऐकू आली. ते काम गेलं तर माळ्यावरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि सर्वांत शेवटी आलेली पद्माच होती.

मी पद्माला हे स्पष्ट सांगितलं. लपवून काय करायचं? ती म्हणाली, "तुम्ही मालकीण. पाहिजे तर बदला. मला बटण दाबायला लावू नका एवढंच."

मी तक्ता पाठवला. नंदीध्वज पहिला, जावईबापू दुसरा, आणि खाली पद्माचा तीन ओळींचा खुलासा. मराठीत, तिच्याच शब्दांत. शेजारी मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. एक अक्षर पुसलं नाही.

आठ दिवस उत्तर नाही. पद्मा रोज वेळेवर यायची, मी रोज ईमेलची पेटी उघडून बघायची, दोघी त्यावर बोलायचो नाही. नवव्या दिवशी दोन ओळी आल्या. क्रम मान्य. आजोबांना तक्ता वाचून दाखवला. ते चिडले, आणि मग म्हणाले, गुडघ्याचं खरं आहे, आम्हाला तेव्हाच दिसलं होतं, पण कुणी बोललं नाही. गोलरक्षकांचे सामने सोबत जोडले होते.

पद्माला सांगितलं. तिनं विचारलं, "गोलरक्षक म्हणजे तो जाड कपड्यातला? त्याच्यापासून कोण कसं वळणार? दुसरं बटण लागणार अक्का." तपासणीचं टेबल आता तिचं आहे. बसून करायचं.

एवढ्यावर थांबावं, असं दिवाळी अंकासाठी हे लिहायला सांगणारे म्हणतील. पण पद्माच्या आधी त्याच नियमानं मी दोघींना उठवलं होतं. त्यांच्या शेऱ्यांत काय होतं ते मला माहीत नाही. तेही शनिवारी पुसलेले. एकीचा नंबर लागला नाही. दुसरी लग्न होऊन करमाळ्याला गेलेली, तिथं बाजारात बियाण्याच्या दुकानात बसते. तिला फोन लावला. मागे हमालांचा गलका होता. मी नियम काढल्याचं सांगितलं, घरी बसून करता येईल असं काम देते म्हटलं.

तिनं आधी समोरच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेतले. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी तवा त्या रकान्यात रोज लिहायची. तुमी ते वाचलं व्हतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग राहू द्या," ती म्हणाली. "हितं दुकानात मी सांगते ते मालक ऐकत्यात."